सिगवाल्डचं नाक

खाडीच्या काठावरून आमचा रस्ता सुटायचा तो थेट डोंगराच्या डोक्यावर. वळणामागून वळण, आणि प्रत्येक वळणाला मागच्यापेक्षा जास्त चढ. त्या काळच्या गाड्या खाली धक्क्यावर बोटीतून उतरायच्या तेव्हा ठणठणीत असायच्या, पण शेवटच्या वळणाला पोचेपर्यंत निम्म्यांच्या बॉनेटमधून काही ना काही निघायला लागलेलं असायचं. वाफ तरी, नाहीतर धूर. मी आयुष्यभर त्या रस्त्यावर बस चालवली, त्यामुळे हे सगळं मी समोरच्या काचेतून पाहिलेलं आहे.

शेवटचं वळण संपलं की सपाटी लागायची. तिथे सिगवाल्ड ब्रेक्केचं गॅरेज होतं. खाली गॅरेज, वर घर, आणि घराच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गॅरेजच्या दारावर. सिगवाल्ड उंच, हाडकुळा माणूस. नाक साधंच होतं, कुणी दोनदा बघावं असं नाही. पण आमच्या सगळ्या खोऱ्यात त्या नाकाची ख्याती होती.

वाफ चटकन विरते आणि धूर रेंगाळतो, एवढं डोळे असलेल्या कुणालाही कळतं. पण तापलेल्या इंजिनातून भसाभस निघणारं ते पांढुरकं नेमकं काय आहे, हे वाऱ्यात पुष्कळदा डोळ्यांना सांगता येत नाही. रेडिएटरचं पाणी गळून इंजिनावर पडलं तरी पांढरं, ऑइल गळून सायलेन्सरच्या पाइपावर जळलं तरी पांढरंच. फरक वासात. आमच्याकडे रेडिएटरचं पाणी गोठू नये म्हणून त्यात जे औषध घालतात त्याचा वास गोडसर, पाक करपल्यासारखा. जळक्या ऑइलचा कडवट, घशात जाऊन बसणारा. वायर जळत असेल तर तिचा वेगळाच, डोळ्यांत पाणी आणणारा. सिगवाल्ड खिशात हात घालून गाडीपासून लांब उभा राहायचा, एकदा श्वास घ्यायचा आणि सांगून मोकळा व्हायचा. वरचा होजपाइप चिरलाय. हेड गॅस्केट गेलं. ऑइल गळतंय, डाव्या बाजूनं. मग बॉनेट उघडायचं, आणि तसंच निघायचं. मी त्याला चुकलेला पाहिला नव्हता.

एवढ्यावर तो थांबला असता तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण सिगवाल्डला माणसाला खाली बघायला लावल्याशिवाय चैन पडत नसे. गाडीवाला काकुळतीला येऊन उभा असायचा, मागे बायको, माझ्या बसमधले उतारू पाय मोकळे करायला उतरलेले, आणि हा सगळ्यांसमोर त्याची उलटतपासणी घ्यायचा. तापमानाचा काटा वर चढताना दिसला का? दिसला, तर मग काय केलंस? गाणं म्हणत होतास? शेवटी म्हणायचा, "म्हण, मला गाडीतलं काही कळत नाही." ते म्हणेपर्यंत तो रोग सांगायचा नाही. लोक म्हणायचे. काही हसत म्हणायचे, काहींचे कान लाल व्हायचे.

सगळ्यांत जास्त वेळा ते आर्न्टनं म्हटलं असेल. आर्न्ट डेअरीचा दुधाचा ट्रक चालवायचा. ट्रक जुना, डेअरी नवा घेऊन देत नव्हती, आणि तो आठवड्यातून एकदा तरी सपाटीवर येऊन फुरफुरायचा. आर्न्ट जाडा, सावकाश बोलणारा, थोडा अडखळणारा. सिगवाल्ड त्याच्याकडून ते वाक्य दोनदा म्हणवून घ्यायचा, पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणून.

घरात त्याची बायको होती, योरुन. तिच्या वाट्याला हे रोजच. पाहुण्यांसमोर तो सांगायचा, हिला दूध उतू गेलेलं कळतं, पण ते शेगडीवर पसरल्यावर. ती वॅफल वाढत राहायची. मूलबाळ नव्हतं. त्यावरूनही तो बोलायचा, ते मी इथे सांगत नाही.

एका ऑक्टोबरात, सकाळी दंव गोठलेलं असताना, सिगवाल्ड गॅरेजच्या दारातच घसरला आणि त्याचं डोकं मागून फरशीवर आपटलं. खाली शहरात नेलं, काही दिवसांनी परत आणलं. डोकं बरं झालं, बोलणं-चालणं पूर्वीसारखं. एवढंच की वास गेला. डॉक्टरनं सांगितलं, आतले धागे तुटलेत, ते पुन्हा जुळत नाहीत.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिला कळलं ते असं: ती कोंबड्यांना दाणे घालायला खाली गेली होती, तव्यावर मासा होता. परत आली तर मासा कोळसा झालेला, स्वयंपाकघरात धूर, आणि हा शेगडीकडे पाठ करून पेपर वाचत बसलेला. तिनं तवा उतरवला. त्यानं वळून तवा पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि उठून तिचं मनगट धरलं. बाहेर एक शब्द गेला तर बघ, म्हणाला. हे सगळं मला योरुननंच पुढे केव्हातरी सांगितलं, बसमध्ये, माझ्या मागच्या सीटवर बसून.

खरं तर त्याचं काही अडलं नसतं. हात शाबूत होते, डोळे शाबूत होते. बॉनेट उघडून बघायचं, बोटानं चाचपायचं, दुसरे मेकॅनिक करतात तेच. योरुननं तसं सुचवलंही. तो म्हणाला, "बॉनेट उघडून कुणीही सांगतो."

हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद होतो, वसंतापर्यंत वर कुणी येत नाही. तो हिवाळाभर त्यानं बायकोला शिकवलं. रोज जेवण झालं की टेबल पुसायचं, तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि एकेक चिंधी तिच्या नाकाशी धरायची. एक रेडिएटरच्या पाण्यात बुडवून तव्यावर तापवलेली, एक ऑइलची, एक पेट्रोलची, एक रबराची. ती पहिल्या दिवसापासून जवळपास सगळे बरोबर सांगत होती. लग्न झाल्यापासून त्या खिडकीत उभी राहून भांडी घासत होती ती, सगळ्या जगाच्या गाड्यांचा धूर तिच्याच घरात यायचा. पण तिनं बरोबर सांगितलं की तो काही बोलायचा नाही, आणि चुकली की टेबलावर पाना आपटायचा. पट्टी बांधलेली असल्यामुळे पाना कधी येणार ते तिला दिसायचं नाही. कधी कधी तो बरोबर उत्तरालाही आपटायचा, ती दचकते ते बघायला.

वसंतात रस्ता उघडला तेव्हा त्यांची खूण ठरलेली होती. गाडी येऊन थांबली की योरुन कॉफी घेऊन खाली यायची. पांढऱ्या कपात कॉफी म्हणजे पाणी. निळ्या कपात म्हणजे ऑइल. कप न घेता, एप्रनला हात पुशीत आली तर वायर किंवा रबर. बाकी कुठली बाजू, किती गेलंय, हे तो इतक्या वर्षांच्या सवयीनं आवाजावरून आणि ठिबकण्यावरून जुळवायचा. कप हातात घ्यायचा, नवी तऱ्हा म्हणून नाकानं एकदा जोरात श्वास ओढायचा, आणि सांगायचा. मी दोन उन्हाळे हे बघत होतो आणि मला एवढंच वाटलं की अपघातानंतर हा बायकोशी जरा बरा वागायला लागला, तिच्या हातची कॉफी तरी घेतो. घरात तिला नाव पडलं होतं 'नाक'. नाक कुठे आहे, नाकाला खाली पाठव, असं.

दुसऱ्या उन्हाळ्यात जुलैमध्ये योरुनची बहीण बोर्गहिल्ड खाली शहरातल्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. दोघीच बहिणी, आईबाप कधीच गेलेले. मी शनिवारी सकाळी डोंगरापलीकडून बस घेऊन सपाटीवर आलो तेव्हा योरुन रस्त्यावर उभी होती, अंगात चांगला कोट, हातात बॅग. मी दार उघडलं. तिनं एक पाय पायरीवर ठेवला, तेवढ्यात गॅरेजमधून सिगवाल्ड हात पुसत आला. म्हणाला, आज शनिवार, सुट्टीवाले सगळे वर येणार, गाड्यांची रांग लागेल. ती म्हणाली, संध्याकाळच्या बसनं परत येते. सिगवाल्ड अगदी शांत आवाजात म्हणाला, "तू गेलीस तरी ती मरणार आहे आणि नाही गेलीस तरी मरणार आहे."

 मी म्हटलं, सिगवाल्ड, जाऊ दे तिला, मी स्वतः परत आणून सोडतो. तो म्हणाला, तू बस चालव. योरुननं पायरीवरचा पाय खाली घेतला. मला म्हणाली, बोर्गहिल्डला निरोप सांगशील का? काय सांगू, मी विचारलं. ती तशीच बॅग घेऊन वळली. दुपारी मी इस्पितळात गेलो, पण बाई शुद्धीवर नव्हती. सोमवारी ती गेली. दफनाला सिगवाल्डनं योरुनला जाऊ दिलं, कारण त्या दिवशी पाऊस होता आणि गाड्या कमी होत्या.

सप्टेंबरात आमच्याकडे डोंगरावर चरायला सोडलेली मेंढरं खाली आणतात. सगळी सपाटीवर गोळा करायची, कानांच्या खुणा बघून ज्याची त्याला द्यायची. सगळं खोरं वर येतं त्या दिवशी. मोठ्या पातेल्यांत कोबी घालून मटण शिजतं, बाटल्या फिरतात, मेंढरांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. ते मटण दर वर्षी योरुनच शिजवायची.

त्या वर्षी आर्न्ट स्वतःच्या गाडीतून आला. पन्नाशी उलटल्यावर घेतलेली त्याची पहिली गाडी, जुनीच, पण हिरवीगार, घासून आरशासारखी केलेली. ती सपाटीवर येऊन थांबली आणि बॉनेटच्या फटींतून पांढुरकं निघायला लागलं. चार माणसं हसली. पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे बाटल्या घेऊन सरकत जवळ आले. सिगवाल्ड हात खिशात घालून येऊन उभा राहिला.

मी गाडीपासून फार लांब नव्हतो. वास मला स्वच्छ आला. जळकं ऑइल, घशात बसणारं. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

योरुन पातेल्यापासून उठून वर घरात गेली आणि कॉफी घेऊन आली. कप पांढरा होता.

सिगवाल्डनं तो घेतला, श्वास ओढला, एक घोट घेतला. मग सावकाश सांगितलं की रेडिएटरचं पाणी आहे, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल, आणि या गाडीचं इंजिन उघडण्यापेक्षा गाडी खाडीत ढकललेली बरी. मग म्हणाला, "चल, म्हण आता."

 सिगवाल्डनं लोकांकडे बघून भुवया उडवल्या. आर्न्ट अडखळत म्हणाला, "मी सकाळी ऑइल घातलं होतं. झाकण... झाकण लावलं का ते आठवत नाही."

सिगवाल्ड म्हणाला, "आर्न्ट, तू विचार करू नकोस. त्यानं दूधसुद्धा नासेल."

लोक हसले. आर्न्टनं वाकून बॉनेट उघडलं. ऑइलचं झाकण इंजिनाच्या कडेला तसंच पडलेलं, आणि सगळं इंजिन ऑइलनं न्हालेलं. पाइपावर ठिबकून ते जळत होतं. रेडिएटर बाहेरून कोरडा ठाक, पाण्याचा एक थेंब गळलेला नव्हता.

कुणीतरी म्हणालं, मला तर मघापासून ऑइलचाच वास येतोय. दुसरा म्हणाला, मलाही. सिगवाल्ड इंजिनाकडे बघत होता, मग त्यानं कपाकडे पाहिलं, मग योरुनकडे. ती पातेल्यात डाव घालून उभी होती.

आर्न्ट सावकाश माणूस, पण त्या दिवशी त्याला झटकन कळलं. त्यानं चिंधी इंजिनावरून फिरवली, ऑइलनं थबथबली, अजून धूर निघत होता तिच्यातून. ती त्यानं सिगवाल्डच्या नाकाला लावली, अगदी टेकवली. आपल्यापैकी कुणीही तोंड फिरवलं असतं. सिगवाल्ड ढिम्म.

"तुला वास येत नाही," आर्न्ट म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, आश्चर्य वाटलं होतं फक्त. आनंद नंतर झाला.

पुढे जे झालं ते सांगायला बरं वाटत नाही, पण झालं. आर्न्टनं डोळे मिटायला सांगितले. सिगवाल्डनं मिटले नाहीत, तेव्हा मागून दोघांनी त्याचे हात धरले आणि एकानं टोपी डोळ्यांवर ओढली. दारूची बाटली नाकाशी. हे काय? सिगवाल्ड म्हणाला, डिझेल. सगळे हसले. डिझेलची चिंधी. हे काय? दारू, तो म्हणाला. त्याला वाटलं असावं, एक तरी अंदाज लागेल. मग कुणी मेंढराच्या लेंड्या उचलून आणल्या. कुणी एक मेंढा पायांना धरून आणला आणि त्याचा मागचा भाग सिगवाल्डच्या तोंडापाशी नेला. तो म्हणाला, मटण. लोक हसून हसून खाली बसले. ज्यांनी ज्यांनी कधी ते वाक्य म्हटलं होतं त्यांनी एकेक वस्तू आणली, आणि न म्हटलेल्यांनीही आणली. शेवटी आर्न्टनं त्याच्याकडून ते म्हणवून घेतलं. मला गाडीतलं काही कळत नाही. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा. मी टोपी काढायला पुढे झालो तर मलाच ढकललं.

मध्येच एका बाईनं योरुनला विचारलं, तुला माहीत होतं का गं हे? योरुननं तिच्या ताटात मटण वाढलं. म्हणाली, "मला कुणी विचारलं नाही कसला वास येतोय ते." आणि ती ओळीतल्या पुढच्या माणसाकडे वळली.

त्या रात्री सिगवाल्डनं तिला काय केलं असेल या विचारानं मी घाबरलो होतो. त्यानं काहीच केलं नाही. बसमध्ये तिनं सांगितलं ते असं. त्यानं विचारलं, चुकलीस का? ती म्हणाली, हो, चुकले, गर्दीत घाई झाली. तो शांत झोपला. सकाळी त्याच्यापुढे कॉफी ठेवताना ती म्हणाली, "काल चुकले नव्हते." तो कपाकडे बघत बसला. मग त्यानं विचारलं, आता? ती म्हणाली, "आता मी रोज कॉफी आणीन. कुठल्या कपात, ते माझं मी बघेन."

त्याला सोडून जावं असं तुला एकदाही वाटलं नाही का, मी विचारलं. ती म्हणाली, आता कशाला?

गॅरेज त्यानंतरही काही वर्षं चाललं, पण लोक गंमत बघायला थांबायचे. जाता-येता हॉर्न वाजवून नाकाला बोट लावायचे. बर्फानं रस्ता बंद होण्याआधी डुक्कर कापतात तेव्हा कुणीतरी त्याचं नाकाड गॅरेजच्या दाराला खिळ्यानं ठोकून गेलं. ते सिगवाल्डनं काढलं आणि दार पुसलं. तो बॉनेट उघडून काम करायला लागला, चांगलं करायचा, पण हातातलं काम मध्येच थांबायचं, कारण योरुन दर वेळी कॉफी घेऊन यायची आणि कपाकडे न बघणं त्याला जमायचं नाही. एकदा पांढरा, एकदा निळा. कधी खरा, कधी खोटा. आणि रस्ता उघडा असेपर्यंत दर शनिवारी ती माझ्या बसनं खाली बहिणीच्या थडग्यावर जायची. सिगवाल्ड तिला बसपर्यंत पोचवायला यायचा. किती वाजता येशील, एवढंच विचारायचा. ती सांगायची नाही.

मग डोंगराखालून बोगदा झाला आणि आमचा रस्ता ओस पडला. बस बोगद्यातून गेली, गॅरेज बंद झालं. मी निवृत्त झाल्यावर एका शरद ऋतूत त्यांना भेटायला वर गेलो. सिगवाल्ड वाळून काठी झाला होता, कंबर गेलेली, खिडकीपाशी खुर्चीत बसलेला. वास नाही म्हणून चवही नव्हती. योरुननं माझ्यापुढे गरम वॅफल ठेवलं, वेलदोडा घातलेलं, वर तपकिरी चीज. त्याच्यापुढे ठेवलं ते आदल्या दिवसाचं होतं, कडेला हिरवट झालेलं. मी बघतोय हे तिनं पाहिलं. म्हणाली, त्याला सारखंच.

तो खात होता. ती माझ्याशी बोगद्याबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल बोलत होती. बोलता बोलता मध्येच थांबली, मान वर केली आणि सहज म्हणाली, "खाली काहीतरी जळतंय."

सिगवाल्डनं खाणं थांबवलं. मी श्वास घेतला. वॅफल, कॉफी, शेगडीतलं लाकूड. दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, "काही जळत नाहीये, सिगवाल्ड. बस तू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ती माझ्या कपात कॉफी ओतत होती. तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, भिंत धरून जिन्याकडे गेला, आणि एकेक पायरी उतरताना त्याचा कण्हण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. खिडकीतून दिसत होतं. गॅरेजच्या बंद दाराला तो तळहात लावून बघत होता, गरम लागतं का. मग खाली वाकला, फटीशी तोंड नेलं.

हे असं रोज करतेस का, मी विचारलं. योरुन म्हणाली, रोज नाही. रोज केलं तर त्याचा विश्वास उडेल.

तो आणखी चार हिवाळे जगला. शेवटपर्यंत तिनं त्याचं सगळं केलं. आंघोळ घातली, कपडे धुतले, अंगाला वास येऊ दिला नाही. खोऱ्यातल्या बायका अजून तिचं नाव काढतात, म्हणतात, नवऱ्याची सेवा करावी तर योरुननं.